औषध प्रतिनिधीची बॅग आणि पेढीची गादी

वधू-वर परिचय मेळाव्यांच्या जुन्या पुस्तिका चाळल्या, की 'शिक्षण' आणि 'व्यवसाय' या दोन रकान्यांत एक जोडी वारंवार भेटते : बी.एस्सी. आणि एम.आर. दुकानदाराचा मुलगा पदवीधर झाला, गळ्यात टाय व हातात चामड्याची बॅग आली, दुचाकीवरून तो डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊ लागला आणि घरात पहिल्यांदा 'पगार' हा शब्द आला. अलीकडच्या पुस्तिकांत ही जोडी विरळ होत चालली आहे. ज्यांच्या नावापुढे ती अजून आहे, त्यांच्याविषयी मुलीचे वडील लगेच पुढचा प्रश्न विचारतात : "कंपनी कोणती, आणि नोकरी कायम आहे का ?" प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर मात्र त्या तरुणाच्या हाती उरलेले नाही.

औषध प्रतिनिधीचा व्यवसाय भारतात एवढा फोफावला, त्याचे कारण औषधांच्या नावांत आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद होऊन ते केवळ बनविण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. एकच रसायन निराळ्या रीतीने बनवून निराळ्या नावाने विकण्याची मुभा त्यामुळे देशी कारखान्यांना मिळाली. ताप उतरविणारी पॅरासिटामॉल कितीतरी नावांनी बाजारात आली. वेष्टन वेगळे, नाव वेगळे, आतला माल तोच. अशा बाजारात विक्री ठरते ती डॉक्टरांच्या लेखणीच्या टोकावर. चिठ्ठीवर जे नाव उमटेल ते दुकानदाराने द्यायचे; म्हणून ते नाव डॉक्टरांच्या स्मरणात जागते ठेवणारा माणूस प्रत्येक कंपनीला प्रत्येक जिल्ह्यात हवा होता. तो विज्ञानाचा पदवीधर असावा, बोलका असावा, हिशेबाला पक्का असावा, गावोगावच्या दुकानदारांत त्याची उठबस असावी. व्यापारी घरातल्या मुलाला यांतले निम्मे गुण बाळकडूबरोबरच मिळालेले असतात.

टोरेंट उद्योगसमूहाचे संस्थापक उत्तमभाई मेहता हे या वाटेवरचे ठळक उदाहरण. गुजरातेतील जैन कुटुंबात जन्मलेले उत्तमभाई सँडोज कंपनीत औषध प्रतिनिधी होते. १९५९ मध्ये त्यांनी ट्रिनिटी लॅबोरेटरीज या नावाने स्वतःचा व्यवसाय आरंभिला आणि मनोविकारांवरील औषधांच्या, तेव्हा फारशा कोणी हात न घातलेल्या, क्षेत्रात पाय रोवले. मॅनकाइंड कंपनीचे रमेश जुनेजा हेही आरंभी प्रतिनिधीच. ही उदाहरणे तरुणांपुढे नेहमी ठेवली जातात, आणि ती ठेवावीतही. मात्र त्या पिढीला बॅगेकडून पेढीकडे जाणारी वाट रुंद मिळाली होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

कामाचे स्वरूप बाहेरून दिसते तितके सुखाचे कधीच नव्हते. सकाळी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर उभे राहायचे, दुपारी औषध दुकाने आणि स्टॉकिस्ट, संध्याकाळी पुन्हा दवाखाने. दिवसाकाठी दहा-बारा डॉक्टर आणि पाच-सहा दुकाने व्हायलाच हवीत. पुढच्या महिन्याचा टूर प्रोग्राम आधीच लिहून द्यायचा : कोणता दिवस मुख्यालयी, कोणता एक्स-स्टेशन म्हणजे जाऊन-येऊन, कोणता आउट-स्टेशन म्हणजे मुक्कामाचा, भत्ते त्यावर ठरतात. डॉक्टरांसमोर मिळणारी वेळ दोन मिनिटांची. तेवढ्यात चित्रांचा जाड फोल्डर उलगडून चार औषधांची महती सांगायची. रात्री घरी किंवा लॉजवर परतल्यावर दिवसाचा अहवाल भरायचा. महिनाअखेर आली की टार्गेट गाठण्यासाठी हाच प्रतिनिधी स्टॉकिस्टाच्या गादीपाशी येऊन बसतो आणि "शेठ, एवढे दोन बॉक्स घ्याच," अशी गळ घालतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतील असो वा मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील, घाऊक औषधांच्या कोणत्याही पेढीला हे दृश्य नवे नाही.

चौविहार पाळणाऱ्या मुलांची यात विशेष कुचंबणा होते. अनेक डॉक्टर प्रतिनिधींना रुग्ण संपल्यावर, म्हणजे रात्री आठ-नऊनंतर आत बोलावतात. आणि सूर्यास्तापूर्वी डबा उघडायचा तर तो कोठे, हा रोजचा प्रश्न. ओळखीच्या औषध दुकानाच्या मागच्या बाजूला खोक्यावर बसून घाईघाईने चार घास खाणारे तरुण प्रत्येक शहरात आढळतील. पर्युषणात रजा मागावी, तर तो काळ नेमका पावसाळी आजारांचा आणि जोमाच्या विक्रीचा. तरीही मुले टिकत, कारण पाच-सात वर्षांत एरिया मॅनेजर होण्याची आशा असे आणि कंपनीचे नाव समाजात वजन देत असे.

या नोकरीच्या जाहिराती आजही येतात; किंबहुना वारंवार येतात. त्यावरून जागा मुबलक आहेत असा समज होतो. परंतु त्यांतील कितीतरी जागा नव्या नसतात, सोडून गेलेल्यांच्या असतात. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर खात्यात उलाढाल मोठी आहे, शिल्लक वाढत नाही. मोठ्या देशी कंपन्या प्रतिनिधी नेमतात हे खरे. पण नेमणुकीबरोबर पूर्वी जे भवितव्य येत असे, ते आता येत नाही.

पहिला बदल डॉक्टरांच्या बाजूने झाला. गल्लीतला एकट्याचा दवाखाना मागे पडून साखळी रुग्णालये पुढे आली. तेथे कोणते औषध ठेवायचे हे खरेदी विभाग आणि औषध समिती ठरविते. दरपत्रके एका टेबलावर उघडतात आणि जे काम जिल्ह्यातल्या वीस प्रतिनिधींनी वर्षभर चालायचे, ते मुख्य कार्यालयातला एक अधिकारी एका बैठकीत उरकतो. दुसरीकडे शासनाची जनऔषधी केंद्रे २०२३ अखेरपर्यंत देशात १० हजारांवर पोहोचली. तेथे औषध मूळ रासायनिक नावाने विकले जाते. ते डॉक्टरांच्या स्मरणात ठेवण्यासाठी कोणालाही दारोदार फिरावे लागत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ही गोष्ट हिताचीच आहे. प्रतिनिधीच्या भाकरीवर मात्र तिचा परिणाम उघड आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

दुसरा बदल कायद्याचा आहे, आणि ज्या समाजात अचौर्याचे व्रत लहानपणीच सांगितले जाते, त्याने तो नीट समजून घेतला पाहिजे. डॉक्टरांना भेटवस्तू, सहली, पाहुणचार देऊन औषध खपविण्याची रीत या धंद्यात खोलवर मुरली होती. डॉक्टरांनी अशा गोष्टी घेऊ नयेत असा नियम तत्कालीन वैद्यक परिषदेने २००९ मध्ये केला. कंपन्यांसाठीची आचारसंहिता २०१५ पासून आली, पण ती ऐच्छिक होती. खरा दणका फेब्रुवारी २०२२ मध्ये बसला. एपेक्स लॅबोरेटरीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही. जी गोष्ट घेणाऱ्यास निषिद्ध आहे, ती देणाऱ्यास करसवलत मिळवून देऊ शकत नाही, असा त्याचा साधा अर्थ. मार्च २०२४ मध्ये केंद्राने नवी, अधिक कडक आचारसंहिता आणली. प्रतिनिधीने डॉक्टरांची भेट मिळविण्यासाठी कोणतेही आमिष दाखवू नये अथवा पैसे मोजू नयेत, एका औषधाची वर्षाला १२ हून अधिक नमुना-पाकिटे एका डॉक्टरास देऊ नयेत, नमुन्यांचे एकूण मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांवर जाऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारीही कंपनीवर टाकली आहे.

हे सारे योग्यच झाले. मात्र यातून एक गोष्ट उघडी पडली. ज्या मुलांना 'शास्त्रीय माहिती देणारा' म्हणून नेमले होते, त्यांतील अनेकांना प्रत्यक्षात माहितीपेक्षा पाकिटेच अधिक वाहायला लावली होती. पाकिटे बंद झाली तेव्हा अशा मुलांपाशी सांगण्यासारखे फारसे उरले नाही. औषधाचा परिणाम, मात्रा, इतर औषधांशी होणारा विरोध यांचा खरा अभ्यास ज्यांनी केला होता, त्यांना डॉक्टर आजही खुर्ची देतात.

परदेशी कंपन्यांनी तर निराळाच मार्ग धरला. आपली जुनी, नावाजलेली औषधे स्वतः न विकता ती देशी कंपन्यांच्या हाती सोपवायची. नोव्हार्टिसने २०२२ मध्ये व्होव्हेरानसारखी औषधे विक्रीसाठी डॉ. रेड्डीज कंपनीकडे दिली; २०२४ मध्ये सनोफीने हृदयविकारावरील औषधांसाठी एमक्युअरशी, तर लशींसाठी डॉ. रेड्डीजशी करार केले. देशी कंपनीचे प्रतिनिधी त्याच डॉक्टरांकडे आधीच जात असतात. त्यांच्या बॅगेत आणखी एक औषध पडते आणि मूळ कंपनीचा माणूस अनावश्यक ठरतो. एके काळी परिचय-पुस्तिकेत ज्या परदेशी नावांमुळे मुलाचे पारडे जड होत असे, तीच नावे आज सर्वांत आधी माणसे कमी करीत आहेत.

फोल्डरची जागा टॅबलेटने घेतली आहे. प्रतिनिधी कोणत्या दवाखान्यापाशी किती वाजता उभा होता, हे मोबाइलमधील अ‍ॅप वरिष्ठांना कळविते. संघटनांनी अशा पाळतीला विरोध केला आहे. कायद्याचे संरक्षण या वर्गाला पूर्वीपासूनच अपुरे. १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला व त्याने नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. पण १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सँडोज कंपनीच्या खटल्यात औषध प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येतील 'कामगार' ठरत नाही असे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांनी १९७६ चा कायदा आपल्यात सामावून घेतला आहे.

आता पगाराकडे बँकेच्या नजरेने पाहावे. समजा, एका प्रतिनिधीच्या हाती महिन्याला २५ हजार रुपये पडतात. त्यांतील निश्चित वेतन १५ हजार. उरलेले दैनिक भत्ता, प्रवासखर्च आणि इन्सेन्टिव्ह. घरकर्ज मागायला गेल्यावर बँक प्रवासखर्च उत्पन्नात धरीत नाही, कारण तो पेट्रोलात गेलेला असतो; आणि बदलत्या इन्सेन्टिव्हवर ती फारशी विसंबत नाही. १५ हजारांच्या निम्मा, म्हणजे साडेसात हजारांचा हप्ता मान्य झाला, तर ९ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. कर्ज मिळेल सव्वाआठ लाखांच्या आसपास. एवढ्यात तालुक्याच्या गावीही घर होत नाही. घरच्यांना २५ हजार दिसतात, बँकेला १५ हजार, आणि लग्न ठरविताना बोलणी होतात ती २५ हजारांवर. पुढे जे कलह होतात, त्यांतल्या काहींचे मूळ या दहा हजारांच्या फरकात असते.

प्रतिनिधीची नोकरी आक्रसली म्हणून पदवीधरांनी दुसरीकडे जावे, तर दुसरीकडेही गर्दीच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के. शिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल. निरक्षर तरुणाला वाट पाहणे परवडत नाही, मिळेल ते काम त्याला धरावे लागते. पदवीधराला घर काही वर्षे पोसते आणि तो वाट पाहत राहतो. खाते-पिते घर जितके समर्थ, तितकी ही वाट लांब. व्यापारी समाजाने या आकड्याकडे पाहताना हे विसरू नये.

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्यांनी ही गर्दी वाढविली आहे. फार्मसी कौन्सिलने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती आणली होती. तशी बंदी साध्या ठरावाने घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले, आणि राज्यात डी.फार्म. व बी.फार्म.ची नवी महाविद्यालये उघडत गेली. परिणामी प्रतिनिधीच्या जागेसाठी बी.फार्म.ला पहिली पसंती मिळते. साध्या बी.एस्सी.चा क्रमांक त्यानंतर, बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्याचा अर्ज तर बहुधा बाजूलाच राहतो.

फिरून माल विकण्याच्या कामाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन समाजातलेच, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे विद्यार्थी. रयत शिक्षण संस्था उभी राहण्याच्या काळात ते ओगले काच कारखान्यासाठी आणि पुढे किर्लोस्करांसाठी गावोगाव फिरून माल खपवीत होते. खेडोपाड्यांची, तेथील माणसांची आणि त्यांच्या अडचणींची जी ओळख त्यांना झाली, तिच्यात त्या फिरतीचा वाटा मोठा असला पाहिजे. भूभाग पायाखाली घातलेला माणूस ही पुंजी असते. ती टार्गेटच्या तक्त्यात दिसत नाही, एवढेच.

ही पुंजी घेऊन बाहेर पडलेले अनेक प्रतिनिधी पीसीडीकडे वळतात. चंडीगड, पंचकुला, बद्दी या बाजूच्या लहान कंपन्या आपल्या औषधांचे एका भागापुरते हक्क देतात. माल रोखीने घ्यायचा, डॉक्टरांकडे स्वतः जायचे, दुकानांत स्वतः ठेवायचा. 'स्वतःचा धंदा' या शब्दांची भुरळ मोठी आहे. पण माल रोख आणि उधारी साठ-नव्वद दिवसांची, हे गणित तीन लाखांच्या भांडवलावर फार काळ पेलत नाही. बारा वेळा फिरायला हवे ते भांडवल वर्षात चार वेळा फिरते, आणि न खपलेल्या मालावर मुदतीची तारीख छापलेली असते. साडी पडून राहिली तर दिवाळीला सवलतीत निघते. गोळी पडून राहिली तर ती जाळावी लागते. शिवाय डॉक्टरांना पाकीट दिल्याखेरीज ज्या नावाला कोणी विचारत नाही, असे नाव विकत घेऊन बसलेला तरुण नव्या नियमांच्या काळात दुहेरी अडकतो. घरातून यासाठी दागिने गहाण टाकण्यापूर्वी निदान त्या औषधांची मागील वर्षाची विक्री आणि परत आलेला माल यांचे आकडे मागून घ्यावेत.

प्रश्नाची दुसरी बाजू पेढ्यांकडे वळते. औषधांचा घाऊक व्यापार महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर जैन, गुजराती आणि मारवाडी कुटुंबांच्या हाती आहे. तेथेही दिवस सोपे नाहीत. मूल्यनियंत्रणाखालील औषधांवर घाऊक व्यापाऱ्यास ८ व किरकोळ दुकानदारास १६ टक्के, इतर औषधांवर १० व २० टक्के ही वहिवाट आहे. पण ऑनलाइन विक्रेते आणि साखळी दुकाने सवलतीच्या पाट्या लावून तीतूनच खेचतात. अशा वेळी मालकाचा हात आखडता होतो आणि पेढीवरचा पदवीधर मुलगा 'दुकानात माणूस' म्हणूनच राहतो : पगार रोखीत, नेमणूकपत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. म्हणूनच तो १५ हजारांची कंपनीची नोकरी पत्करतो आणि शेजारच्या पेढीवरची १८ हजारांची नाकारतो. त्याला दोष देता येणार नाही. कंपनी त्याला कागद देते; पेढी फक्त शब्द देते, आणि शब्द बँकेत चालत नाही.

वास्तविक याच पेढ्यांना जाणत्या पदवीधराची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. इन्सुलिन आणि लशी २ ते ८ अंश तापमानात सांभाळाव्या लागतात. मुदत संपलेल्या मालाचे दावे कंपनीकडे वेळेत गेले नाहीत तर नुकसान पेढीचे. पुरवठादाराचे विवरणपत्र आणि खरेदीच्या नोंदी जुळल्या नाहीत तर जीएसटीची वजावट अडकते. रुग्णालयांच्या दरपत्रकांना उत्तर देणारा माणूस लागतो. चार-पाच वर्षे जिल्हा पालथा घातलेल्या प्रतिनिधीला यांतील पुष्कळ गोष्टी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. कोणत्या तालुक्यात कोण वेळेवर पैसे देतो, हे त्याला पेढीच्या वसुली कारकुनाइतकेच ठाऊक असते. घाऊक विक्रीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या जाणकार व्यक्तीची अर्हता म्हणून नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज औषध-व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही नियमांत दीर्घकाळ मान्य राहिला आहे. म्हणजे असा मुलगा नोंदीवर असणे पेढीच्याही सोयीचे.

वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीत सामील होण्याची सक्ती नाही. स्वेच्छेने मात्र सामील होता येते. १५ हजारांच्या वेतनावर मालकाचा १२ टक्के हिस्सा महिन्याला १८०० रुपये होतो, वर थोडा प्रशासनखर्च. पगार धनादेशाने किंवा खात्यात जमा केला, दर महिन्याला वेतनचिठ्ठी दिली, आणि नेमणूकपत्रावर पद, वेतन व वाढीचा क्रम लिहिला, की त्याच मुलाला बँक कर्जासाठी समोर बसवून घेते. महिनाअखेरीस दुसऱ्या कोणा प्रतिनिधीच्या भिडेखातर घेतलेल्या आणि पुढे मुदत संपून पडून राहिलेल्या दोन बॉक्सांचा हिशेब पेढीने एकदा मांडून पाहावा. पुष्कळ ठिकाणी तो या १८०० रुपयांच्या वरच भरेल.